पत्रा आणि टाकी यांच्यामधली जागा

बेंगळुरूजवळचं देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे. इथल्या माझ्या संगणकावर मात्र रोज जहाजांच्या पोटाचे छेद उघडलेले असतात, आणि त्यांत मी सगळ्यात आधी इंधनाच्या टाक्या शोधते.

याचं कारण 7 ऑगस्ट 2010. त्या दिवशी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडलं. माझं माहेर उरणकडचं. तिकडच्या तिवरांवर काळा थर बसला, बाजारात मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही.

चित्रा 1980 सालची. त्या काळच्या कितीतरी मालवाहू जहाजांत इंधनाची टाकी थेट बाहेरच्या पत्र्याला लागून असे. पत्रा फाटला की तेल समुद्रात. ज्या जहाजांत 600 घनमीटर किंवा जास्त इंधन मावतं, त्यांच्या टाक्यांना संरक्षण हवं, हा मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा 12ए नियम 1 ऑगस्ट 2010 पासून ताब्यात दिल्या जाणाऱ्या जहाजांना लागू झाला. टकरीच्या सहाच दिवस आधी. जुन्या जहाजांना तो लागू नव्हताच.

नियम दोन वाटा देतो. टाक्या पत्र्यापासून आत घ्या, नाहीतर अपघातात सरासरी किती तेल सांडेल ते गणिताने मर्यादेत दाखवा. मी पहिल्या वाटेची. सरासरी कागदावर बरोबर असते, पण खाडीत येतं ते एका अपघाताचं तेल.

आणि टाकी-पत्र्यामधलं ते अंतरही नुसतं नियमापुरतं ठेवून भागत नाही. मीटरभर जागेतली बरीचशी पत्र्याला बळकटी देणाऱ्या फ्रेम आणि स्टिफनर खातात. उरलेल्या फटीत वेल्डरला वाकून काम करायचं असतं, रंगाऱ्याचा हात कोपऱ्यात पोचायला हवा, पुढे वर्षानुवर्षं तपासनिसाला बॅटरी घेऊन शिरायचं असतं. जिथे हात पोचत नाही तिथे गंज धरतो, आणि दुहेरी भिंत नावालाच दुहेरी राहते. म्हणून मी थोडी जास्त जागा मागते. जड इंधन तापवून ठेवावं लागतं; मध्ये मोकळी जागा असली की त्याची उष्णताही समुद्रात कमी जाते, हे मालकांना लवकर पटतं.

25 मे 2025 ला केरळजवळ बुडालेलं ‘एमएससी एल्सा 3’ 1997 सालचं होतं. म्हणजे मी आज आखलेली रेघ 2050 मध्येही पाण्यात असू शकते.

सध्या एक लहान किनारी मालवाहू जहाज हाती आहे. इंधन 600 घनमीटरपेक्षा कमी, म्हणजे नियमाची सक्ती नाही. तरी टाक्या आत घेतलेली मांडणी मी पाठवली आहे. माल किती टनांनी कमी भरेल, असं मालकाने विचारलंय. तो आकडा बुधवारी द्यायचा आहे.