कोनाडा आपला, भिंत कोणाची?

ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या वर्गांमध्ये पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगतात: आधी ‘नीश’ शोधा, पैसा मागून येतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चीड येते. सल्ला अगदीच खोटा नाही, पण तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा ज्याला त्याला स्वतःच्या खिशातून शिकावा लागतो. नीश म्हणजे भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत दिवा ठेवायला असायचा तोच. मोठ्या बाजाराने दुर्लक्ष केलेली, थोड्याच लोकांना हवी असलेली वस्तू विकायची, म्हणजे कोनाड्यात दुकान मांडायचं. पण कोनाडा हवेत तरंगत नाही, त्याला भिंत लागते. ही भिंत कोणाची, तिचं भाडं कोण ठरवतं आणि आपल्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता कोणाच्या वहीत लिहिला जातो, हे त्या वर्गांत कोणी बोलत नाही. माझ्या मते छोट्या ऑनलाइन धंद्यातला नफा-तोटा कोनाडा कुठला निवडला यापेक्षा याच प्रश्नांवर जास्त ठरतो.

या सल्ल्याचा उगम ‘लाँग टेल’ या कल्पनेत आहे. क्रिस अँडरसन यांनी 2004 मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ती मांडली आणि 2006 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दुकानाच्या फळीवर जागा मोजकी, म्हणून तिथे खपाऊ मालच ठेवावा लागतो. इंटरनेटवर फळी संपतच नाही, त्यामुळे क्वचित विकल्या जाणाऱ्या हजारो वस्तूंची बेरीज मोठी होते. विचार बिनतोड आहे. फक्त ही बेरीज कोणाच्या पदरात पडते ते पाहायला हवं. त्याच्या आधी, 2003 मध्ये, ब्रिन्यॉल्फसन, हू आणि स्मिथ या तीन अभ्यासकांनी ऑनलाइन पुस्तकविक्रीचा हिशोब मांडला होता. दुर्मीळ पुस्तकंही मिळू लागल्यामुळे 2000 या एका वर्षात ग्राहकांचा 73 ते 103 कोटी डॉलरचा फायदा झाला, असा त्यांचा अंदाज. फायदा ग्राहकांचा, हे लक्षात घ्या. एक लाख पुस्तकांची एकेक प्रत विकणाऱ्या दुकानालाही लाख प्रतींचं उत्पन्न मिळतं, पण त्यातल्या प्रत्येक लेखकाची एकच प्रत गेलेली असते. पुढे 2008 मध्ये हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांनी संगीत आणि चित्रपटांच्या विक्रीचे आकडे तपासून दाखवलं की ऑनलाइन बाजारातही खप मोजक्या लोकप्रिय वस्तूंकडेच एकवटतो. शेपूट लांब असते, पण बारीकही असते. शेपटीच्या टोकाला बसून पोट भरायचं असेल, तर अँडरसन यांच्या बेरजेचा उपयोग नाही. तिथे हिशोब वेगळा मांडावा लागतो.

तो कसा, ते मेतकुटावरून पाहू. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू, धने, जिरे, मेथी, मोहरी असं एकेक वेगवेगळं खमंग भाजून, हळद-हिंग-सुंठ घालून दळायचं. पुण्यात किंवा साताऱ्यात याला कोनाडा म्हणता येणार नाही, ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. बंगळूर, हैदराबाद किंवा गुरुग्राममध्ये मात्र किराणा दुकानदाराला मेतकूट म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. तिथल्या मराठी घरात बाळाला वरचं अन्न सुरू झालं, कोणी तापातून उठलं किंवा आई काही दिवस राहायला आली, की मऊ भात, तूप आणि मेतकूट यांची आठवण होते, आणि ती लगेच होते. हा खरा कोनाडा. तो सापडतो, कारण विकणाऱ्याला ती आठवण कधी येते हे ठाऊक असतं. शोधशब्द मोजणाऱ्या यंत्राला ते कळणं अवघड, कारण हे शोधणारे मुळात कमी, आणि त्यातही कोणी ‘मेतकूट’ म्हणून शोधतो, कोणी इंग्रजी अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी लिहितो, तर कोणी थेट ‘बाळासाठी भातावर घालायची पूड’ असं विचारतो. या साऱ्या तऱ्हा ज्याने घरात ऐकल्या आहेत, त्याला कोनाडा शोधावा लागत नाही. तो त्यातच वाढलेला असतो. म्हणून नवख्यांना मी सांगेन की दुसऱ्याच्या यादीतला ‘वाढता नीश’ उचलू नका. ज्या वस्तूचा वास डोळे मिटून ओळखता येतो, तिच्यापासून सुरुवात करा.

मात्र ओळख असून भागत नाही, वस्तू खोक्यात बसली पाहिजे. कुरडया घ्या. त्या कोणाला नको असतात? तरी त्या दूर पाठवणं फार महाग पडतं, कारण कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. तीस बाय वीस बाय पंधराच्या खोक्यात अर्धा किलो कुरडया बसल्या, तरी हिशोबाला वजन येतं 1.8 किलो. सव्वा किलोहून जास्त हवेचं भाडं विकणाऱ्याने भरायचं, आणि तरीही घरी चुराच पोचण्याची भीती. मेतकुटाची पूड दाबून भरता येते, ती फुटत नाही, खोक्यात हवा उरत नाही. तिचा दोष दुसराच: हिंगाचा आणि भाजण्याचा वास काही महिन्यांत उतरतो, म्हणून साठा करून चालत नाही, दळण थोडं थोडं करावं लागतं. तरीही दोन्हींत मी मेतकूटच निवडीन.

आता भिंतीकडे येते. केव्हिन केली यांनी 2008 मध्ये ‘हजार खरे चाहते’ ही कल्पना मांडली. हजार लोकांनी वर्षाला शंभर डॉलर दिले, तर एका कलाकाराचं घर चालतं. आपल्या मापाने मांडू. समजा मेतकुटाचं पाकीट 120 रुपयांचं आणि एक घर वर्षाला सहा पाकिटं घेतं. हजार घरांची उलाढाल झाली 7 लाख 20 हजार. त्यातून डाळी, दळण, पाकिटं आणि कुरियर वजा जाता जे उरेल ते उत्पन्न. उरतं, पण एकाच अटीवर: पहिलं पाकीट विकायला जो खर्च आला तो दुसऱ्या पाकिटापासून पुन्हा येता कामा नये. मोठ्या पोर्टलवरून विकलं तर तो दर वेळी येतो, कमिशन म्हणून किंवा शोधात वर दिसण्यासाठीच्या जाहिरातीच्या रूपाने. शिवाय घर कोणाचं, पाकीट संपलं कधी, फोन नंबर काय, ही माहिती पोर्टलकडे राहते. हाताने केलेल्या वस्तूंसाठी 2005 मध्ये सुरू झालेली एट्सी ही तर खास कोनाडेवाल्यांचीच भिंत. तिने व्यवहारशुल्क 2018 मध्ये साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्के केलं आणि एप्रिल 2022 मध्ये पाचावरून साडेसहा. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, तरी दर कायम राहिला. विक्रेत्यांना निघून जाणं परवडणारं नव्हतं, कारण गिऱ्हाईक भिंतीपाशीच राहणार होतं. म्हणून मी म्हणते की धंद्याची खरी मालमत्ता म्हणजे नावांची वही. गिऱ्हाइकाशी मेतकूट जमलं आणि पुढची मागणी थेट फोनवर आली, की तो कोनाडा आपला.

यावर कोणी म्हणेल, पोर्टल नसतं तर ही हजार घरं भेटलीच कशी असती? आक्षेप खरा आहे, आणि याबाबतीत माझा राग पुरता टिकत नाही. अनोळखी विक्रेत्याला गुरुग्राममधलं कोणी आगाऊ पैसे पाठवणार नाही. तिथे पैसे परत मिळण्याची हमी पोर्टल देतं, आणि पहिल्या व्यवहारात गिऱ्हाईक विकत घेतं ते मेतकूट नव्हे, ती हमीच. ती किंमत रास्त आहे. माझं भांडण आहे ते दहाव्या व्यवहारातही तीच किंमत मोजण्याशी.

पण एक भिंत अशी आहे की जिच्याशी घासाघीस करता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त ती खुपते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. 1 एप्रिल 2019 पासून ही मर्यादा आहे. वरचं सात लाख वीस हजारांचं मेतकूट त्यात आरामात बसतं, पण राज्यातल्या राज्यात विकलं तरच. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. पोर्टलवरून विकणाऱ्या छोट्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून सूट मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. छोट्यांसाठीची सोपी कंपोझिशन योजना घ्यावी, तर तिच्यात परराज्यात माल विकायलाच मनाई. म्हणजे कोल्हापूरच्या बाईंनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाला, पाकिटं पाठवली तर काही नाही. चाळीसएक किलोमीटरवरच्या, पण कर्नाटकातल्या निपाणीला एक पाकीट पाठवलं की नोंदणी, विवरणपत्रं, सल्लागाराची फी आणि मग शेजारणीला विकलेल्या पाकिटावरही कर. कोनाड्यातल्या धंद्याचा स्वभावच असा की त्याचं गिऱ्हाईक एका गावात नसतं. विखुरलेलं असतं म्हणून तर तो इंटरनेटवर येतो. ज्याला घराजवळ गिऱ्हाईक मिळतं त्याला सवलत, आणि ज्याचं गिऱ्हाईक बंगळुरात, इंदुरात, बडोद्यात पांगलंय त्याच्यावर बोजा. या भेदाचं समर्थन मला कुठेच सापडत नाही.

समर्थन म्हणून दोन गोष्टी पुढे केल्या जातात. एक, नोंदणी केली की कच्च्या मालावर भरलेला कर वळता करून मिळतो. मिळतो, पण मेतकुटातला मोठा खर्च घरातल्या हातांचा असतो आणि त्यावर वळतं करून घ्यायला काहीच नसतं. दुसरी जास्त वजनदार: आंतरराज्य विक्रीला सूट दिली तर मोठे व्यापारी तुकडे पाडून छोटे बनतील. ही भीती मी उडवून लावणार नाही. पण असे तुकडे राज्यांतर्गत 40 लाखांच्या सवलतीतही पाडता येतात, आणि तिथे सरकारने सवलतच रद्द केली नाही, पॅनवर उलाढाल मोजण्याचा मार्ग धरला. पोर्टलकडे तर प्रत्येक विक्रीची नोंद आपोआप असते, तिथे लपवणं उलट जास्त अवघड.

नक्कल होईल याची चिंता अनेकांना वाटते. मला फारशी वाटत नाही, कारण हजार घरांच्या बाजारात उतरायला मोठ्या कंपनीचं भाडंही सुटत नाही. उतरेल तर दुसरी एखादी बाईच उतरेल, आणि तिचं मेतकूट जास्त खमंग असेल तर गिऱ्हाईक जावंच. तरी सुरुवात करणाऱ्याला आज काय सांगायचं, यावर माझं मन दोन्हीकडे ओढतं. पोर्टलवर जाऊ नका असं म्हणावं, तर पहिली पन्नास घरं भेटणार नाहीत. जा म्हणावं, तर वही दुसऱ्याच्या हाती. तूर्त मी एवढंच सुचवते की पहिली दोन वर्षं पुणे, नागपूर, नाशिकमधलं गिऱ्हाईक जोडावं, पाकिटावर दळणाची तारीख हाताने लिहावी आणि त्याखाली स्वतःचा फोन नंबर. त्या नंबरावर एक दिवस निपाणीहून फोन येणारच. तेव्हा ‘तुमच्याकडे पाठवता येत नाही’ असं तिथल्या मराठी घराला मराठीतच सांगावं लागेल, आणि ते कशामुळे हे त्यांना पटेल असं कसं सांगायचं, ते मला सुचलेलं नाही.