सर्वांना सारखं पाणी

राष्ट्रीय कॅनो स्लॅलम स्पर्धेचं पहिलं पत्र जातं ते धरणाच्या कचेरीला. क्रीडा खातं, राज्य संघटना, जिल्हाधिकारी, पोलीस, रुग्णालय यांची पत्रं त्यानंतर. नर्मदेवर महेश्वरजवळच्या सहस्रधारेत स्पर्धा भरवायची, तर वर ओंकारेश्वरला आणि त्याहून वर इंदिरासागरला वीजनिर्मितीसाठी पाणी कधी आणि किती सुटणार, हे कळल्याशिवाय आमचं वेळापत्रक कागदावरही उतरत नाही. टर्बाइन सुरू झाली की काही तासांनी सहस्रधारेचे खडक बुडू लागतात. ती थांबली की तेच खडक पुन्हा उघडे पडतात. आदल्या संध्याकाळी उत्तम दिसणारा मार्ग सकाळी ओळखू येत नाही.

मी या खेळाचे मार्ग आखते आणि स्पर्धेच्या दिवसांत किनाऱ्यावर तांत्रिक जबाबदारी सांभाळते. लोकांना वाटतं, आयोजन म्हणजे मांडव, ध्वनिक्षेपक, जेवण आणि बक्षीस समारंभ. ते सगळं लागतंच. पण स्लॅलमच्या यजमानाची खरी कसोटी दुसरीकडे आहे. शे-दीडशे खेळाडू एकामागून एक त्याच प्रवाहात उतरतात. त्यांतल्या पहिल्याला आणि शेवटच्याला सारखंच पाणी मिळालं पाहिजे. बाकीची सारी व्यवस्था या एका वचनाभोवती उभी राहते.

आधी खेळ थोडक्यात सांगते. जास्तीत जास्त 400 मीटर लांबीचा खळाळत्या पाण्याचा पट्टा निवडायचा आणि त्यावर तारांवरून 18 ते 25 गेट टांगायची. गेट म्हणजे वरून लोंबणाऱ्या दोन काठ्या. हिरव्या-पांढऱ्या गेटमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढऱ्यातून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. अशी उलटी गेट किमान 6 असतात. काठीला वल्हं, होडी किंवा अंग लागलं तर 2 सेकंदांचा दंड. गेट चुकलं तर 50 सेकंदांचा, म्हणजे जवळपास स्पर्धाच संपली. पट्टीचा खेळाडू साधारण दीड मिनिटात खाली येतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं चालवतात. कॅनोमध्ये गुडघे टेकून एकाच पात्याच्या वल्ह्यानं होडी हाकतात.

सहस्रधारेला ही जागा निसर्गानंच करून ठेवली आहे. महेश्वरच्या घाटांपासून थोडं खाली गेलं की नर्मदेचं रुंद, शांत पात्र काळ्या बेसाल्टच्या कातळांत शिरतं आणि असंख्य धारांमध्ये फुटतं. सहस्रार्जुनानं आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती त्याच्या बोटांमधून निसटून वाहिली, अशी इथली कथा आहे. मार्ग आखणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर प्रत्येक धारेचा स्वभाव निराळा. एखादी उथळ, होडीचं बूड घासणारी. एखादी देखणी, पण खाली पोकळ झालेल्या कातळाखाली ओढून नेणारी. ती पहिल्याच फेरीत बाद होते. आम्हाला हवी असते अशी धार, जिच्यात जोर आहे, उतार आहे आणि खडकांच्या मागे एडी आहेत. खडकाला वळसा घालून गेलेलं पाणी त्याच्या आडोशाला उलटं फिरतं, ती एडी. प्रवाहाविरुद्धची गेट तिथेच टांगायची. खेळाडू मुख्य धारेतून एडीत होडी वळवतो, त्या उलट्या पाण्याच्या आधारानं वर चढतो आणि पुन्हा धारेत झेपावतो. स्लॅलमचं सगळं कौशल्य या शिवेवर दिसतं.

पाण्याची पातळी वीतभर बदलली की एडीची जागा सरकते. म्हणून स्पर्धेच्या आधी कितीतरी दिवस आम्ही खडकावर रंगाच्या खुणा करून पातळी नोंदवत बसतो. वरून सोडलेलं पाणी इथं पोचायला किती वेळ लागतो, ते किती वेळ टिकतं, ओसरायला कधी लागतं, याची वही भरते. त्या वहीवरून वेळापत्रक बनतं. नियम साधा आहे: ज्यांची तुलना एकमेकांशी होणार, त्यांना एकाच पाण्यात उतरवायचं. पुरुषांची कयाक आणि महिलांची कॅनो वेगवेगळ्या पातळीवर झाली तर कोणावर अन्याय होत नाही, कारण त्यांची वेळ एकमेकींशी ताडून पाहायची नसते. पण एकाच गटाचे निम्मे खेळाडू भरल्या पाण्यात आणि निम्मे ओसरत्या पाण्यात गेले, तर निकालपत्रावरचे आकडे खोटे ठरतात. अंतिम फेरीत हा धोका अधिक, कारण आधीच्या फेरीत सर्वांत वेगवान ठरलेला खेळाडू तिथे सर्वांत शेवटी सुटतो. पाणी मध्येच ओसरलं तर त्याची किंमत नेमका तो मोजतो. म्हणून पातळीची खूण हलली की स्पर्धा थांबवण्याचा अधिकार वापरावा लागतो, मग मंचावर कितीही मोठे पाहुणे ताटकळत बसलेले असोत.

वीज आणि स्पर्धा यांची ही वाटाघाट फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचं स्लॅलम टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीवर झालं. त्या भागातलं पाणी एरवी वीजघराकडे वळवलेलं असतं आणि पात्र कोरडं पडलेलं असतं. स्पर्धेसाठी ते पाणी मुद्दाम नदीत सोडावं लागलं, आणि पात्रात दगड रचून प्रवाह अरुंद करावा लागला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो 1972 मध्ये, म्युनिकच्या वेळी, ऑग्सबर्गच्या बांधीव कालव्यात. त्यानंतर तो 20 वर्षं बाहेर राहिला आणि 1992 मध्ये बार्सेलोनाच्या वेळी परतला. 2012 साली लंडनकरांनी 300 मीटरच्या मार्गावर पंपांनी सेकंदाला 13 घनमीटर पाणी खेळवलं. तिथे पाण्याची समानता बटणावर मिळते. आपल्याकडे ती नदीशी आणि धरणाशी बोलून मिळवावी लागते. मला या दुसऱ्या वाटेबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यात यजमानाला नदी शिकावी लागते.

पातळी ठरली की तारा. दोन्ही काठांवर पक्के आधार शोधायचे. जुनं झाड असेल तर त्याच्या सालीला इजा होऊ नये म्हणून पट्टे गुंडाळायचे. नाहीतर कातळात भोक पाडून बोल्ट ठोकायचा किंवा लोखंडी तिकाटणं उभं करायचं. तार नदीवरून ओढली की तिच्यावर कप्प्या आणि दोऱ्या, म्हणजे काठावर उभं राहून प्रत्येक काठी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवता येते. काठीचं खालचं टोक पाण्यापासून साधारण वीतभर वर हवं. लाटेनं काठी हलत राहिली तर दंड द्यायचा कसा?

मार्ग आखताना मी स्वतःला सतत विचारत राहते: हा मार्ग एकाच बाजूनं वल्हवणाऱ्या खेळाडूला झुकतं माप देतो का? कॅनोत काही जण डावीकडून वल्हवतात, काही उजवीकडून. सगळी अवघड गेट एकाच काठाला टांगली तर अर्ध्या खेळाडूंचं नुकसान होतं. म्हणून उलटी गेट दोन्ही काठांना वाटून द्यायची. मार्ग चांगल्या खेळाडूला दोन पर्याय देणारा असावा: जोखमीचा आणि जलद, किंवा सुरक्षित आणि थोडा लांबचा. निर्णय खेळाडूनं घ्यायचा. मार्ग टांगून झाला की स्पर्धेत नसलेले खेळाडू त्यावरून उतरून दाखवतात. संघप्रमुख काठावरून बघतात, हरकती घेतात, गरज पडली तर गेट हलतं. त्यानंतर मात्र स्पर्धकांना त्या मार्गावर सराव करता येत नाही. तो त्यांनी काठावरून चालत, डोळ्यांनी पाठ करायचा असतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कातळावर डोळे मिटून, हातांनी हवेत वल्हं मारत बसलेली मुलं दिसतात. हा खेळ पाण्याइतकाच स्मरणशक्तीचा आहे, हे तेव्हा कळतं.

मग येतात गेट-जज. आयोजनातलं सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत मोलाचं काम त्यांचं. प्रत्येकाला दोन-तीन गेट वाटून दिलेली असतात. खडकावर छत्री, हातात फळी आणि नजर काठीवर. काठी हलली ती होडी लागून की पाण्याच्या शिंतोड्यानं? खेळाडूचं पूर्ण डोकं गेटच्या रेषेतून आत आलं का? हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. शिंतोड्यानं काठी हलली तर दंड नाही. आणि शंका असेल तर निर्णय खेळाडूच्या बाजूनं. या नियमावर माझं फार प्रेम आहे. यजमान राज्याच्या खेळाडूलाही तोच नियम आणि सर्वांत दूरच्या राज्यातून पहिल्यांदा आलेल्या मुलीलाही तोच. म्हणून जज नेमताना मी आग्रह धरते की आपल्या राज्याच्या खेळाडूवर निर्णय देण्याची वेळ शक्यतो कोणावर येऊ नये. जजला सावली, पाणी आणि वेळेवर सुट्टी मिळाली पाहिजे. दुपारच्या उन्हात थकलेला डोळा सकाळच्या डोळ्याइतका न्याय करू शकत नाही.

न्यायाचा आणखी एक पदर होड्यांचा आहे. स्लॅलमची होडी साडेतीन मीटर लांब, हलकी आणि महाग, बहुतेक परदेशातून येणारी. सगळ्या राज्यांकडे ती पुरेशी नसते. एकाच होडीवर दोघं-तिघं भागवतात. मग सुटण्याचा क्रम असा लावायचा की खाली पोचलेली होडी कातळावरून वर आणायला मुलांना वेळ मिळेल. नियमपुस्तकात नसलेलं, पण यजमानानं करायलाच हवं असं हे काम आहे.

सुरक्षेत मात्र तडजोड नाही. हेल्मेट आणि तरंगतं जॅकेट तपासल्याशिवाय कोणी सुरुवातीच्या रेषेवर जात नाही. होडीच्या दोन्ही टोकांना धरायची पकड असावी लागते, आत हवेच्या पिशव्या असाव्या लागतात. प्रत्येक मोठ्या उसळीखाली थ्रो बॅग घेतलेला माणूस उभा असतो, पिशवीतला दोर क्षणात फेकता यावा म्हणून. शेवटच्या गेटच्या खाली बचाव कयाक तयार असतात. स्पर्धेच्या पहाटे पूर्ण मार्ग पुन्हा तपासायचा. रात्रीतून वाहत आलेली फांदी किंवा कातळात अडकलेलं मासेमारीचं जाळं पाण्याखालून दिसत नाही आणि उलटलेल्या खेळाडूला अडकवतं.

काठावरची माणसं सोबत नसतील तर यातलं काहीच होत नाही. महेश्वर ही अहिल्यादेवी होळकरांची राजधानी, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची. तिथल्या घाटांवर नर्मदा ही मैया आहे. नर्मदाजयंती किंवा संक्रांतीच्या स्नानाच्या गर्दीत आमच्या तारा आडव्या येता कामा नयेत, म्हणून आधी पंचांग पाहायचं, मग तारखा ठरवायच्या. काठानं परिक्रमावासी चालत असतात. ते नदी ओलांडत नाहीत, त्यामुळे त्यांची पायवाट अडवली तर त्यांना दुसरा मार्ग उरत नाही. ती वाट मोकळी ठेवणं मी सुरक्षेइतकंच बंधनकारक मानते. कोळ्यांना आणि नावाड्यांना चार-पाच दिवस काम थांबवायला सांगायचं, तर त्यांना मोबदला आणि स्पर्धेत जागा दोन्ही द्यायला हवी. कुठल्या खडकामागं काय दडलंय, हे त्यांच्याइतकं कोणी जाणत नाही. आणि खेळाडूही त्यांच्याच घरांतून येतात. 2023 साली हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या स्लॅलम संघात केवट आडनावाची मुलं होती. रामाला पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं हे नाव. त्याच वर्षी फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धेचं स्लॅलम सहस्रधारेत झालं, तेव्हा दूरदूरच्या राज्यांतली मुलं या पाण्यात उतरली.

मुलींविषयी सांगायलाच हवं. महिलांची कॅनो ऑलिंपिकमध्ये आली ती थेट 2021 मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं ते पहिलं सुवर्ण जिंकलं. म्हणजे गुडघे टेकून एका पात्यानं वल्हवणाऱ्या मुलीला सर्वोच्च स्वप्न पाहण्याची मुभा मिळून फार काळ झालेला नाही. यजमानानं महिलांच्या गटाला उरलेलं, ओसरलेलं पाणी द्यायचं नाही. उत्तम पाण्याची वेळ गटागटांत आळीपाळीनं फिरली पाहिजे.

पॅरिस 2024 ऑलिंपिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष होते टोनी एस्टांगे, स्वतः कॅनो स्लॅलमचे तीन वेळचे ऑलिंपिक विजेते. मला यात योगायोगापेक्षा अधिक काही दिसतं. ज्यानं आयुष्यभर न थांबणाऱ्या पाण्यात अचूक निर्णय घेतले, त्याला आयोजन म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, त्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिका नदीत उतरतं. सकाळी पाणी सुटतं आणि कोलाडच्या परिसरात त्यावर राफ्टिंग चालतं. ठरलेल्या वेळी येणारं, मोजता येणारं पाणी आणि त्या पाण्यावर वाढलेली स्थानिक मुलं, म्हणजे स्लॅलमला लागणारी अर्धी सामग्री तिथे तयार आहे. उरलेली अर्धी आपण उभी करायची: पातळीची वही, चार कायमच्या तारा, प्रशिक्षित गेट-जज, तालुक्याच्या मुलांसाठी सामायिक होड्या आणि वीजघराशी हंगामभराचा लेखी करार. राष्ट्रीय स्पर्धेची मागणी त्यानंतर करावी. आधी शाळांची जिल्हा स्पर्धा, मग राज्याची, मग देशाची. या क्रमानं गेलो तर पाहुणे परतल्यावरही तारा राहतील, जज राहतील आणि काठावरच्या गावातली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटायच्या वेळी सरावाला येईल. यजमानपदाचा हिशेब मी तिच्यापासून सुरू करते. त्यासाठी वीजघराला लिहायचं पहिलं पत्र या हिवाळ्यात लिहावं, एवढीच माझी रायगडच्या आणि राज्याच्या क्रीडाप्रेमींना विनंती आहे. मसुदा करून द्यायला मी तयार आहे.