पोर्टचा सातबारा

शुक्रवारी रात्री टेस्ट मशीनवर सर्व्हर उठेना. ८०८० पोर्ट आधीच कुणीतरी अडवलेलं. टीममधल्या नव्या पोराला फोनवर झापलं, आणि मग विंडोजला विचारायला बसलो.

गेटएक्स्टेंडेडटीसीपीटेबल दर कनेक्शनची एक ओळ देतं: स्थिती, इकडचा पत्ता नि पोर्ट, तिकडचा पत्ता नि पोर्ट, शेवटी मालकाचा पीआयडी. सहा रकान्यांचा सातबाराच म्हणा ना!

यादीत ८०८० दिसेचना. ३६८९५ मात्र होतं. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: पोर्टचे दोन बाइट नेटवर्कच्या क्रमाने, म्हणजे आपल्या मशीनला उलटे, येतात. फिरवले आणि पीआयडी सापडला.

मालक? दुपारी मीच चालू करून विसरलेला सर्व्हर.

सोमवारी त्या पोराला आधी सॉरी, मग चहा.