त्वरा आणि घाई

त्वरा आणि घाई हे शब्द आपण एकाच अर्थानें योजतों. पण त्या दोहोंत केवढें अंतर आहे, हें आमच्या घराला गेल्या वर्षीं एका संकटानें शिकविलें.

आमचें गांव जवळा बाजार, हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाच्या तालुक्यांत. माझ्या धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा पतंगाच्या नादांत माळवदावरून खालीं दगडी ओट्यावर पडला. शेजारीपाजारी धांवले, कोणी त्याला उचलून जीपमध्यें घालूं लागले. तेवढ्यांत शेजारची परिचारिका पुढें झाली. १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत कोणीं त्याला हलवावयाचें नाहीं, असें बजावून ती तेथेंच मातींत बसली व त्याचें डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरून राहिली. तिचें तें निश्चल बसणें आम्हांला त्या वेळीं निष्ठुरपणाचें वाटलें. परंतु मानेचा मणका दुखावला असेल, तर नुसता एक हिसकाहि जन्माचें पंगुत्व देऊं शकतो.

नांदेडच्या रुग्णालयांत कळलें कीं, मान शाबूत आहे. मात्र बरगडी मोडून छातींत थोडी हवा साठली आहे, आणि यकृतासहि इजा झाली आहे. मुंबईस लहान मुलांच्या शल्यवैद्याकडे नेणें इष्ट, असें ठरलें. भावानें शेत गहाण टाकून रुग्णवाहक विमान ठरविलें. विमान येऊन उभें राहिलें, आणि बरोबर जाणारे डॉक्टर म्हणाले, "आधीं छातींत नळी घालूं, मग निघूं." भावजयीचा धीर सुटला. "लेकरू हातचं चाललंय की हो! आता आणखी कशाची वाट बघायची?" ती आक्रोशूं लागली.

डॉक्टरांनीं शांतपणें समजाविलें. उंच उडणाऱ्या विमानांतील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षां कमी, सुमारें अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. तेथें बंद जागीं कोंडलेली हवा एकतृतीयांशानें फुगते. जमिनीवर निरुपद्रवी भासणारी ती हवा आकाशांत फुप्फुसाला दाबून टाकूं शकली असती. नळी घातली गेली, मगच विमान उडालें, आणि मुलगा वांचला.

ऑस्ट्रेलियांत जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें १९२८ सालीं क्लॉनकरी येथून उडत्या वैद्यांची सेवा सुरू झाली. तिच्या नांवांतच वैद्य आहे, विमान नव्हे, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. यंत्र अंतर कापतें. पण कोठें थांबावें हें जाणत्या माणसालाच कळतें. घाईला थांबणें ठाऊक नसतें. त्वरेला तें ठाऊक असतें.

शेत अद्याप सुटलेलें नाहीं. तरी भाऊ कोणाला विमानाची हकीकत सांगूं लागला, कीं तिचा आरंभ तो विमानापासून करीत नाहीं. मातींत बसलेल्या त्या बाईपासून करतो.