क्लच प्लेट

2004 साली भिवंडीहून सूत घेऊन मालेगावला येताना अब्बांचा दहाचाकी ट्रक कसारा घाटात थांबला. क्लच प्लेट जळाली होती. प्लेट एकवेळ परवडते हो, पण ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग मिस्त्री प्रेशर प्लेट दाखवतो, बेअरिंग दाखवतो. गाडी उभी, भाडं बुडालं, बँकेचा हप्ता मात्र चालूच.

अम्मीच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या. माझ्या बी.एड.च्या फीच्या पैशांना अब्बांनी हात लावला नाही. "चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरली, चूक माझीच," एवढंच म्हणाले. माल जास्त भरला होता, ते व्यापाऱ्याला बोलले नाहीत.

बांगड्या सुटल्या नाहीत. हल्ली मी मोटारसायकल घेऊन निघालो की अब्बा ओट्यावरून ओरडतात, "क्लच सोड!"