पान्यावरील देवी

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी ओलांडली की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. जेथे शेते होती तेथे आज कारखान्यांची छपरे दिसतात आणि आपल्या कित्येक कुटुंबांची चूल त्यांच्याच आधारावर पेटते. खंडेनवमी जवळ आली की तेथील तरुण कामगारांचा प्रश्न ठरलेला असतो : "फादर, यंत्रांच्या पूजेच्या वेळी आम्ही उभे राहावे की बाहेर जावे?"

मी त्यांना हातातील पाना निरखून पाहावयास सांगतो. चांगल्या पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' अशी अक्षरे असतात. पोलादाला बळकटी देणाऱ्या या धातूचे नाव १८३० साली स्वीडनमधील सेफस्ट्रॉम या शास्त्रज्ञाच्या शोधानंतर ठरले. धातूच्या संयुगांचे रंग अतिशय सुंदर, म्हणून उत्तरेकडील लोकांच्या सौंदर्यदेवतेचे, फ्रेया ऊर्फ व्हॅनादीस हिचे नाव त्यास दिले गेले. त्याच देशातील बर्झेलियसने १८२९ साली मेघगर्जनेचा देव थोर याच्या नावावरून 'थोरियम' हे नाव दिले होते. आपल्या केरळच्या वाळूत ते विपुल आहे.

फ्रेयाचा पती दूरदेशी जातो आणि त्याच्या विरहात ती रडते, तेव्हा तिचे अश्रू तांबूस सोने होतात, अशी कथा आहे. कामासाठी घरदार सोडून आलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. ही कथा जपून ठेवली ती आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने, तेराव्या शतकात. तो स्वतः ख्रिस्ती होता. त्याच्या देशाने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता.

त्या देवांशी ख्रिस्तसभा मात्र एकाच रीतीने वागली नाही. संत बोनिफेस यांनी इसवी सन ७२३ च्या सुमारास जर्मनीत थोरचा पवित्र ओक वृक्ष तोडला आणि त्याच्या लाकडातून संत पेत्राचे प्रार्थनामंदिर उभारले. त्यापूर्वी, ६०१ साली, पोप थोर ग्रेगरी यांनी इंग्लंडमधील धर्मप्रचारकांसाठी वेगळा निरोप धाडला होता : मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका. पवित्र पाणी शिंपडून तेथेच वेदी मांडा.

वाचकहो, या दोन्ही गोष्टी आपल्याला पुरेशा नाहीत. फ्रेया आज पान्यावरचे एक नाव आहे, तिची कथा आपण निर्धास्तपणे ऐकतो. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या सोबत्याची श्रद्धा मात्र जिवंत आहे. तेथे कुऱ्हाडही चालत नाही आणि त्याच्या देवळावर आपला हक्कही पोचत नाही. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले, ते अशाच शेजारधर्मासाठी.

म्हणून माझे उत्तर असे : यंत्र पुसा, झाडलोट करा, झेंडूची तोरणे बांधू लागा, पूजेच्या वेळी आदराने उभे राहा. पूजा मात्र करू नका, आणि का करीत नाही हे कोणी विचारल्यास नम्रपणे सांगा. प्रसादाविषयी संत पौलाने करिंथकरांना लिहिलेले आठवा. मूर्ती काहीच नाही हे ठाऊक असणे पुरेसे नसते. आपल्या खाण्याने दुबळ्या बांधवाची सदसद्विवेकबुद्धी दुखावत असेल, तर प्रीतीने हात आवरावा. आणि त्या घटकेला मनात प्रार्थना करा. प्रेसवर काम करणाऱ्याला ठाऊक असते की क्षणाच्या चुकीने बोटे जातात. हळदकुंकवामागे तीही धास्ती असते, आणि ती तुमचीही आहे. सर्वांचे हात शाबूत राहोत, हे मागणे प्रभूला परके नाही.

नावांना तरी किती भ्यावे? इंग्रजीतील 'फ्रायडे' हा फ्रिग या देवीचा वार, आणि आपला शुक्रवार असुरांच्या गुरूचा. पोर्तुगीज भाषेने ख्रिस्तसभेची गणना स्वीकारून त्याला 'सहावा दिवस' म्हटले. वसईवर १५३४ ते १७३९ त्यांची सत्ता होती, तरी लोकांच्या तोंडचा शुक्रवार गेला नाही. प्रभू क्रुसावर मरण पावला तो दिवस आपण आजही याच नावाने ओळखतो, आणि त्याने त्याचे पावित्र्य तिळभरही उणे होत नाही.