गाळाची ट्रॉली आणि इंजिनाचे तेल

महसुली दप्तरात बुलढाणा जिल्ह्याचे तालुके कसेही मांडलेले असोत, लोकांच्या बोलण्यात या जिल्ह्याचे दोनच भाग आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद हे घाटाखाली. माझे बिऱ्हाड वर आणि वडिलोपार्जित जमीन खाली असल्यामुळे, वैशाखात राजूर घाट उतरताना हवेत पडणारा फरक मी अंगाने ओळखतो. पूर्णेच्या खोऱ्यात त्या दिवसांत पारा 44 अंशांच्या आसपास असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत, तलाव आटलेले असल्यामुळे, आमच्याकडे गाळ वाहण्याचा हंगाम असतो.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य सरकारची योजना 2017 सालची. पुढच्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने येथे मोठ्या प्रमाणावर यंत्रे उतरवली. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठीही तलावांतील माती उचलली गेली, आणि 'बुलढाणा पॅटर्न' हे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. शेतकऱ्यापुरता व्यवहार सोपा होता : गाळ फुकट, वाहतूक ज्याची त्याने करावी. आमच्या शिवाराजवळच्या पाझर तलावात पोकलेन उतरले तेव्हा मीही ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. वरवर पाहता हे काम ऊस किंवा कापूस वाहण्यापेक्षा हलके वाटते, कारण अंतर थोडे असते. परंतु शंभर घनफुटांचा एक ब्रास ओलसर गाळ चार टनांच्या पुढे सहज जातो, आणि तो तलावाच्या तळातून, भुसभुशीत मातीच्या चढावरून, खालच्या गिअरमध्ये बाहेर ओढावा लागतो. इंजिन पूर्ण जोराने चालते आणि ट्रॅक्टर मात्र माणसाच्या चालीने सरकतो. त्यामुळे समोरून वारा असा लागतच नाही, जो काही वारा मिळतो तो पंख्याचाच.

काम सुरू होण्यापूर्वी तेल बदलायचे ठरले, आणि तेथेच मतभेदास प्रारंभ झाला. आमचा मिस्त्री हा अत्यंत अनुभवी गृहस्थ. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगणारा. त्याचे म्हणणे असे की, "आबा, उन्हाळ्यात जाडंच ऑइल टाका. हे पंधरा नंबर चढावर पान्यावानी होते." दुकानदाराने त्यास दुजोरा देऊन प्रथम 20डब्ल्यू-40चा आणि नंतर, गिऱ्हाईक विचारात पडलेले पाहून, 20डब्ल्यू-50चा डबा पुढे केला. पुण्यास नोकरी करणाऱ्या पुतण्याने फोनवरून याच्या नेमके उलट, अगदी पातळ तेलाची शिफारस केली. ती त्याच्या मोटारीच्या अनुभवावर आधारलेली असल्यामुळे मी तिचा फारसा विचार केला नाही.

मिस्त्रीचे मत मात्र झिडकारण्यासारखे नव्हते, कारण त्यास परंपरेचा आधार होता. एकेरी क्रमांकाच्या तेलांच्या काळात हिवाळ्यात 30 आणि उन्हाळ्यात 40 घालण्याची वहिवाटच होती, आणि त्या तेलांपुरती ती योग्यही होती. तेलाच्या घट्टपणाची ही क्रमवारी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 1911 साली प्रथम ठरवली. पुढे दुहेरी क्रमांकांची तेले आली, डब्यावरचे आकडे वाढले, पण ते वाचण्याची आपली रीत जुनीच राहिली. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीचा असतो. 15 आणि 20 यांतील भेद कळतो तो शून्याखाली, म्हणजे एक तेल उणे 20 अंशांवर इंजिन फिरवू देते, तर दुसऱ्याची तीच परीक्षा उणे 15 अंशांवर घेतात. आणि घाटावरचा पौषसुद्धा या दोहोंपासून कितीतरी दूर आहे. तापलेल्या इंजिनाचा आकडा हा डब्ल्यूच्या पलीकडचा. शंभर अंशांवर 40 क्रमांकाच्या तेलाचा घट्टपणा साडेबारा ते सुमारे सोळा सेंटिस्टोक असावा लागतो, मग त्याच्या आधी 15 असो वा 20 असो. इतकेच नव्हे, तर दीडशे अंशांवर, बेअरिंगमधल्या ओढाताणीत टिकण्याची जी किमान मर्यादा आहे तीही या दोन्ही तेलांना एकच आहे. तात्पर्य, उन्हाळ्याच्या नावाने दुकानात चाललेला आमचा सारा वाद हिवाळ्याच्या आकड्यावरून चालला होता.

मग 50 का नको, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. झिजलेल्या इंजिनात तेलाचा दाब काट्यावर खाली येऊ लागला म्हणजे जाड तेलाने तो काही काळ सावरतो हे मीही पाहिलेले आहे. पण तो इंजिन उघडण्याची मुदत लांबवण्याचा उपाय झाला. धडधाकट इंजिनात जाड तेल ढवळण्यातच शक्तीचा काही अंश खर्ची पडतो, त्याची उष्णता होते, आणि बेअरिंगमधून वाहताना उष्णता उचलून नेण्याचे त्याचे जे काम, तेही मंदावते. माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हवेच्या तापमानाप्रमाणे तेलाचा तक्ता दिलेला आहे, आणि आमच्या उन्हाळ्याच्या रकान्यात 15डब्ल्यू-40 स्पष्ट लिहिलेले आहे. दुकानदाराला मी फक्त एवढेच विचारले की डब्यावर डिझेल इंजिनाची, सी अक्षराने सुरू होणारी प्रत कोणती आहे. कारण 20डब्ल्यू-50च्या त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली प्रत एस अक्षराची, म्हणजे पेट्रोल इंजिनाची होती. सीआय-4 प्रतीचे 15डब्ल्यू-40 घेतले आणि वाद मिटवला.

खरे सांगायचे तर तेलाच्या आकड्याने जेवढी चर्चा खाल्ली तेवढ्या चर्चेची त्याची योग्यता नव्हती. हवा 30 अंशांवरून 44 अंशांवर गेली तर नुकसान होते ते मुख्यतः रेडिएटरचे, कारण त्याला उष्णता टाकायला जागा कमी उरते. आणि ती जागाही गाळाची धूळ व वाळलेले गवत जाळीत अडकून आणखी आकुंचित होते. म्हणून मी गड्याला शिरस्ता घालून दिला : सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पाहायची, दुपारच्या सुट्टीत जाळी आतल्या बाजूने फुंकून काढायची, आणि एअर क्लीनरची वाटी रोज उघडायची. आमच्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर जुन्या पद्धतीचा, तेलात धूळ धरणारा. तलावाच्या तळात त्या वाटीत एका दिवसात जो चिखल साचतो तो पाहिल्यावर, इंजिनाचा शत्रू ऊन की माती, याविषयी संशय राहत नाही. तीच माती आत गेली तर पिस्टनच्या रिंगा खाते, आणि मग कोणत्याही क्रमांकाचे तेल काळे होऊन धुरावाटे जाऊ लागते. पुस्तिकेत तेल बदलण्याची अडीचशे तासांची मुदत होती, पण धुळीच्या कामात ती कमी करावी असे तळटिपेत म्हटले होते. ते तंतोतंत पाळले. चढावर काटा तांबड्या पट्ट्याकडे झुकू लागला की ट्रॅक्टर बंद न करता, ट्रॉली सपाटीवर आणून काही वेळ रिकाम्या गतीवर चालू ठेवायचा, हे मात्र मिस्त्रीनेच शिकवले. एकदम बंद केल्यास पाणी व तेल फिरायचे थांबून साचलेली उष्णता आतल्या आत मुरते.

हंगाम संपता संपता मिस्त्रीने नवाच मुद्दा काढला. ट्रॉली पालथी करणारा जॅक ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकचे तेल घेतो, तेव्हा जॅक पूर्ण वर गेल्यावर गिअरबॉक्समधली पातळी किती उतरते हे कोणी पाहिले आहे काय, असा त्याचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. आम्ही दोघांनी जॅक वर करून पट्टी काढली, तेल खालच्या खुणेच्याही खाली होते; मी पुस्तिका काढून त्या तेलाचा रकाना शोधू लागलो, तोच मिस्त्रीने ती माझ्या हातातून घेतली आणि चष्मा लावून स्वतःच वाचावयास बसला.